एकट्याने मोहीम खेळताना क्लास कसा निवडावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधारे कथा रचत जाण्याचा खेळ मी पाच वर्षांपूर्वी चार मित्रमैत्रिणींबरोबर शिकले. पुढच्या दोन वर्षांत त्यांतले दोघे नोकरीसाठी बेंगळुरूला गेले, एक मैत्रीण आई झाली आणि आमचा सूत्रधार, म्हणजे राक्षसांपासून खानावळीच्या मालकापर्यंत सगळ्यांची बाजू सांभाळणारा आमचा डीएम, शिक्षणासाठी परदेशी गेला. खेळ सोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी एकटीने मोहीम चालवू लागले. सूत्रधाराच्या जागी प्रश्न आणि फासे आले. ‘दाराशी पहारेकरी आहे का?’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, ते कितपत संभवते हे प्रामाणिकपणे ठरवायचे, फासा टाकायचा आणि येईल ते उत्तर मान्य करून कथा पुढे न्यायची. या पद्धतीला खेळाडू ‘ओरॅकल’ म्हणतात आणि तिच्यासाठी मिथिकसारखी तयार कोष्टकेही मिळतात.

नियमपुस्तक समोर उघडे आहे, कोऱ्या पात्र-पत्रकावर नावही लिहून झाले आहे, पण क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, रकान्यापाशी हात थांबला आहे, अशा नवख्या खेळाडूसाठी मी हे लिहीत आहे. मी पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम वापरते आणि पुढचे सगळे आकडे त्यांतलेच आहेत. 2024 च्या सुधारित पुस्तकात काही तपशील बदलले आहेत, त्यामुळे ते पुस्तक वापरणाऱ्यांनी आकडे एकदा ताडून पाहावेत.

पहिली गोष्ट अशी की हे क्लास मुळात एकट्यासाठी घडवलेलेच नाहीत. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्रसामर्थ्य मिळालेला सशस्त्र धर्मसेवक. चोर पुढच्या वर्षी पुरवणीत आला. एकाने पुढे उभे राहून वार झेलायचे, दुसऱ्याने मागून जादू करायची, तिसऱ्याने जखमा भरायच्या, चौथ्याने कुलपे आणि सापळे पाहायचे, अशी ती कामांची वाटणी होती आणि आजच्या पुस्तकातले बारा क्लासही मुख्यतः त्याच वाटणीवर उभे आहेत. त्यामुळे एकट्याने खेळताना तुम्ही जो क्लास निवडता, त्याच्याबरोबर उरलेल्या तिघांची अनुपस्थितीही निवडता. माझ्या मते ‘कोणता क्लास सर्वांत बलवान?’ हा प्रश्न नवख्याची दिशाभूल करतो. ‘कोणाची अनुपस्थिती मला निभावता येईल?’ हा प्रश्न विचारावा.

ही अनुपस्थिती किती महाग पडते, ते गॉब्लिन या खेळातल्या एका लहानशा राक्षसाच्या हिशेबावरून दिसते. सूत्रधारासाठीच्या पुस्तकात लढाईची काठिण्यपातळी मोजण्याची रीत दिली आहे. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नव्या, एका पात्रासाठी 75 गुणांची लढाई ‘कठीण’ आणि 100 गुणांची ‘प्राणघातक’ ठरते. गॉब्लिनला हरवल्याचे गुण 50 असतात. खेळाडू तिघांपेक्षा कमी असले तर हे गुण ज्याने गुणायचे तो गुणक वाढतो, म्हणून एकट्या पात्रासमोर एकच गॉब्लिन आला तरी हिशेब 75 वर जातो आणि दोन आले तर 200 वर, म्हणजे प्राणघातक मर्यादेच्या दुपटीवर. याचे कारण साधे आहे. प्रत्येक फेरीत तुम्हाला एक कृती मिळते आणि समोरच्यांना जितके जण असतील तितक्या.

माझे पहिले पात्र विझर्ड, म्हणजे जादूगार, होते. पुस्तकातील मंत्रांची यादी वाचून मी हरखून गेले होते आणि समूहात खेळताना तो क्लास माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, 8 होते आणि आर्मर क्लास, म्हणजे वार बसण्यासाठी शत्रूला फासा आणि कौशल्य मिळून गाठावा लागणारा आकडा, 12. तिसऱ्या संध्याकाळी जंगलवाटेवर तीन गॉब्लिन समोर आले. मी ‘स्लीप’ मंत्र टाकला. तो आठ बाजूंच्या पाच फाशांवर चालतो आणि सरासरी साडेबावीस हिट पॉइंटांइतके शत्रू झोपवतो. तीन गॉब्लिनचे मिळून 21 होतात, म्हणून मी निर्धास्त होते. फाशांची बेरीज 16 आली. दोघे झोपले, तिसरा जागा राहिला, त्याने आपली कृती खर्चून एका सोबत्याला हलवून उठवले आणि पुढच्या दोन फेऱ्यांत माझा जादूगार कोसळला. समूहात तो जागा राहिलेला गॉब्लिन लढवय्याने तिथेच संपवला असता. विझर्डचा मंत्र वाया गेला नव्हता, त्या मंत्राने मिळवून दिलेल्या उसंतीचा उपयोग करणारे कोणी शेजारी नव्हते.

आणि कोसळल्यानंतरचा नियम एकट्या खेळाडूने क्लास निवडण्याआधीच वाचायला हवा. शून्यावर गेलेले पात्र बेशुद्ध पडते, दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकते, 10 किंवा अधिक आले तर यश, तीन यशे आली तर जीव वाचतो आणि तीन अपयशे आली तर संपतो. मात्र पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार दोन अपयशांइतका धरतात. समूहात कोणीतरी धावत येऊन मलमपट्टी करतो. एकट्याच्या खेळात शत्रू शेजारीच उभा असतो आणि बेशुद्ध क्लेरिकला स्वतःवरही मंत्र टाकता येत नाही. म्हणून कोसळेपर्यंत किती वेळ मिळतो आणि कोसळण्याआधी सावरण्याची काही सोय आहे का, या दोन गोष्टी मी आता प्रत्येक क्लासमध्ये आधी तपासते.

या कसोटीवर फायटर, म्हणजे लढवय्या, उत्तम उतरतो. साखळ्यांचे चिलखत आणि ढाल घेतली की त्याचा आर्मर क्लास पहिल्याच लेव्हलला 18 होतो. गॉब्लिनला माझ्या विझर्डवर वार बसवण्यासाठी फाशावर 8 पुरत होते. फायटरवर त्याला 14 लागतात, म्हणजे शंभरातले पासष्ट वार बसायचे तिथे पस्तीस बसतात. शिवाय ‘सेकंड विंड’ने विश्रांतीच्या दोन टप्प्यांमध्ये एकदा स्वतःचे हिट पॉइंट भरून काढता येतात. ‘ड्युएलिंग’ ही लढण्याची शैली घेतली, तर लांब तलवारीचा बसलेला वार 1 सोडून कोणताही आकडा आला तरी सात हिट पॉइंटांचा गॉब्लिन एका फटक्यात पाडतो. समोरचे जितके लवकर कमी होतील तितका वर सांगितलेला कृतींचा असमतोल कमी होतो, त्यामुळे एकट्याच्या खेळात ही शैली मला दोनदा उपयोगी पडली आहे.

दुसरे पात्र मी रोग घेतले. देवनागरीत हा शब्द लिहिला की आजारच आठवतो, म्हणून माझ्या वहीत मी त्याला ‘चोरटा’ म्हणते. त्याचा मुख्य आधार म्हणजे ‘स्नीक अटॅक’, आणि तो लागू होण्यासाठी एकतर वार करताना फाशावर वरचष्मा, म्हणजे ‘ॲडव्हान्टेज’, असावा लागतो किंवा शत्रूच्या पाच फुटांत तुमचा एखादा साथीदार असावा लागतो. साथीदार नसल्यामुळे पहिल्या लेव्हलला माझा चोरटा एक फेरी लपण्यात आणि एक फेरी वार करण्यात घालवत असे. दुसऱ्या लेव्हलला ‘कनिंग ॲक्शन’ मिळाल्यावर लपणे आणि वार एकाच फेरीत होऊ लागले. तिसऱ्या लेव्हलला ‘स्वॉशबकलर’ उपशाखा घेतली की तुम्ही आणि शत्रू समोरासमोर एकटेच असतानाही स्नीक अटॅक मिळतो. एकट्या खेळाडूसाठी यापेक्षा नेमकी उपशाखा मला सापडलेली नाही. तरीही या क्लासचे खरे मोल मला लढाईबाहेर कळले. चोरट्याला लढाई टाळता येते. भिंतीवरून जाता येते, किल्ली चोरता येते, पहारा बदलेपर्यंत थांबता येते. मी माझ्या खेळात टाळलेल्या लढाईलाही जिंकलेल्या लढाईइतकेच गुण देते आणि हा नियम नवख्याने पहिल्या दिवसापासून ठेवावा असे मला मनापासून वाटते.

येथे मला एका अडचणीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ती मला स्वतःला फार उशिरा उमगली. काही क्लासचे सामर्थ्य आकड्यांत असते आणि काहींचे सूत्रधाराच्या निर्णयात. फायटरचा वार बसला की नाही हे फासा सांगतो. पण आभासाचा मंत्र टाकून विझर्डने वाटेवर खोटी भिंत उभी केली, तर पहारेकऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसेल का, ते वाट बदलतील का, की दगड मारून पाहतील? बार्डने, म्हणजे गाण्या-बोलण्यातून जादू करणाऱ्या भाटाने, सरदाराला गोड बोलून वळवायचे ठरवले, तर सरदाराच्या मनात काय आहे? समूहात या प्रश्नांची उत्तरे दुसरी व्यक्ती देते आणि तिच्या डोक्यात काय चालले आहे हे ठाऊक नसण्यातच गंमत असते. एकट्याने खेळताना युक्ती योजणारे आणि त्या युक्तीला फसणारे मन एकच असते. माझ्या विझर्डच्या छोट्या कारकिर्दीत मी त्याच्या प्रत्येक आभासाला यश देत गेले आणि तसे देत आहे हे मला जाणवतही नव्हते. यावर उपाय आहे: प्रत्येक वेळी शंका आली की ओरॅकलला विचारायचे आणि शक्यता मुद्दाम एक पायरी कमी धरायची. पण ही शिस्त अंगी बाणायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या मोहिमेसाठी मी आकड्यांचा क्लास सुचवते. बार्डच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची ‘बार्डिक इन्स्पिरेशन’ ही देणगी त्याला स्वतःला देताच येत नाही, ती दुसऱ्यालाच द्यावी लागते.

माझी सर्वांत दीर्घ मोहीम क्लेरिकबरोबर झाली. ‘लाइफ’ ही शाखा घेतल्यामुळे तिला पहिल्या लेव्हलपासून जड चिलखत मिळाले आणि जखमा भरण्याच्या मंत्रांना जास्तीची जोड मिळाली. क्लेरिकला रोज सकाळी आपल्या क्लासच्या संपूर्ण यादीतून त्या दिवसाचे मंत्र निवडता येतात, म्हणजे आज कोणत्या अनुपस्थित साथीदाराचे काम आपल्याला करायचे आहे हे ती रोज नव्याने ठरवू शकते. तिसऱ्या लेव्हलला ‘स्पिरिच्युअल वेपन’ हा मंत्र मिळाला आणि खेळ पालटला. हवेत तरंगणारे ते शस्त्र मिनिटभर टिकते, दर फेरीला तुमच्या कृतीखेरीज आणखी एक वार करते आणि त्यासाठी मन एकाग्र ठेवावे लागत नाही. एकाग्रतेवर चालणारे मंत्र एकट्याला जपून वापरावे लागतात, कारण सगळे वार तुमच्यावरच येतात आणि प्रत्येक वारानंतर मंत्र टिकतो का यासाठी फासा टाकावा लागतो.

क्लेरिकने मला कथेच्या बाजूनेही सांभाळले. सूत्रधार नसताना ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न दर संध्याकाळी येतो आणि थकून घरी आल्यावर त्याचे उत्तर सुचत नाही. क्लेरिकमागे एक दैवत असते, एक मठ असतो, काही व्रते असतात, कोणीतरी तिला पाठवलेले असते. ‘मठाला या गावाची बातमी आहे का?’, ‘हे मडे पुरण्याची रीत आमच्या पंथात निराळी आहे का?’ असे प्रश्न क्लासमधूनच निघत गेले. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या शपथेतून आणि वॉरलॉक या जादूगाराने एखाद्या गूढ शक्तीशी केलेल्या करारातूनही असेच प्रश्न निघतात. फायटर या बाबतीत कोरा असतो, म्हणून त्याला एखादे कर्ज, एखादा शत्रू किंवा हरवलेला भाऊ तुम्ही स्वतः द्यायला हवा.

उरलेल्यांविषयी थोडक्यात सांगते. पॅलाडिनला चिलखत आहे आणि लेव्हलच्या पाचपट हिट पॉइंट भरून देणारा हस्तस्पर्श आहे. तो स्वतःवरही चालतो, त्यामुळे नवख्यासाठी फायटर आणि क्लेरिक यांच्याबरोबरीने मी त्यालाच सुचवेन. बार्बेरियन हा रानटी योद्धा टणक आहे आणि त्याचे कागदकामही कमी आहे. दुसऱ्या लेव्हलला ‘मून’ शाखेच्या ड्रुइड या निसर्गपूजकाला 34 हिट पॉइंटांच्या तपकिरी अस्वलाचे रूप घेता येते, मात्र प्रत्येक प्राण्याचे वेगळे पत्रक सांभाळावे लागते. कागदकामाला कमी लेखू नका. एकट्या खेळाडूला आपले पात्र, सगळे शत्रू, ओरॅकल आणि कथेची नोंद हे सारे एकाच वेळी पाहायचे असते.

एकट्याला सर्वांत मोठे भय हालचाल गोठवणाऱ्या शत्रूंचे असते. घूल नावाच्या प्रेताच्या नखांनी पात्र लुळे पडले, तर त्यानंतर जवळून बसणारा प्रत्येक वार दुप्पट फाशांचा होतो आणि सोडवायला कोणी नसते. वंश अजून ठरवला नसेल तर एल्फचा विचार करा, कारण घूलच्या या स्पर्शाचा एल्फवर परिणाम होत नाही.

क्लास आवडला आहे पण एकट्याने निभत नाही, असे वाटले तर साथीदार घ्यावा. 2019 च्या एसेन्शियल्स किट या नवख्यांसाठीच्या संचात एक सूत्रधार आणि एक खेळाडू अशा खेळासाठी ‘साइडकिक’चे सोपे नियम दिले आहेत आणि ते एकट्यालाही चालतात. विझर्डच घ्यायचा असेल, तर ढाल घेतलेला एक साधा शिपाई त्याच्या पुढे उभा करा. माझा पहिला विझर्ड अशाने वाचला असता.

निवड पक्की करण्याआधी मी आता एक संध्याकाळ चाचणीला देते. मनात असलेले दोन क्लास पहिल्या लेव्हलला तयार करायचे, दोघांनाही एका गॉब्लिनशी आणि मग दोन गॉब्लिनशी लढवायचे, आणि त्यानंतर बंद दार, संशयी पहारेकरी व जखमी वाटसरू असे तीन लहान प्रसंग द्यायचे. कोण जिंकले याबरोबरच कोणत्या पात्राच्या वेळी पुस्तक कमी वेळा उघडावे लागले आणि कोणत्या पात्राच्या तोंडी शब्द आपोआप आले, हेही वहीत टिपायचे. एवढे करूनही निवड चुकू शकते. माझी क्लेरिक पहिल्या दोन संध्याकाळी पॅलाडिन होती; तिसऱ्या दिवशी मी तेच नाव, तेच गाव आणि तीच जुनी ढाल ठेवून नवे पत्रक भरले आणि मोहीम जिथे थांबली होती, त्याच नदीकाठापासून पुढे सुरू केली.