पहिलं सनकॅचर पतंगाचंच करा

वरुडकडे पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करणं हा माझा धंदा. तांबं आणि सोल्डर रोजच्या हाताखालचं, म्हणून रंगीत काचेचे सनकॅचर, म्हणजे खिडकीत टांगायचे उन्हात चमकणारे तुकडे, करायचा नाद लागला. नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं एकच: डिझाइन पतंगाचं घ्या. फूल नको, मोर तर नकोच. काच सरळ रेषेत निमूट तुटते, आत वळणाऱ्या रेषेत हट्ट करते. पतंग म्हणजे चार त्रिकोण, मधे एक उभी आणि एक आडवी जोडरेघ. वीतभर उंची पुरे.

काच ३ मिलिमीटर जाडीची, सपाट. तालुक्याच्या काचवाल्याकडे रंगीत तुकडे उरलेले असतात, स्वस्तात देतो. टफन (तापवून कडक केलेली) काच घेऊ नका, ती कापताच येत नाही, हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, लावून तोडू गेलं की सगळीचा चुरा होतो. कागदावर पतंग काढा आणि त्रिकोण कापताना दोन तुकड्यांत मिलिमीटरभर फट सोडा. तांब्याची पट्टी तिथे बसायची आहे.

कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच. हिरकणीचं चाक शिलाई मशीनच्या तेलात बुडवा. रेघ या काठापासून त्या काठापर्यंत एकाच दमात ओढायची, चर्रर्र असा बारीक आवाज यायला हवा. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवलं तर काच भलतीकडे फुटते आणि चाकही जातं. रेघेखाली आगकाडी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबलं की तुकडा सुटतो. मग धारेच्या दगडावर पाणी टाकून कडा घासा. कोरडं घासू नका, ती भुकटी छातीत जाते. माझी मावशी बघून म्हणते, “काहून येवढं घासून राह्यला बे?” पण कडा गुळगुळीत नसली तर पट्टी फाटते.

तांब्याची चिकटपट्टी साडेपाच मिलिमीटर रुंदीची मागवा आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती चिकटवा. काच पट्टीच्या बरोबर मधोमध आली की दोन्ही अंगांना सव्वा मिलिमीटर उरते, ती दुमडून पेनाच्या टोपणाने घट्ट दाबायची.

आता माझ्या धंद्यातलं. रेडिओवाल्याचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न इथे चालत नाही, ८० वॉटचं तरी हवं. आणि वेळ बघून बसा. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज १८० वर येतं, अन् ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. म्हणजे २३० व्होल्टवरचं ८० वॉटचं आयर्न ४९ वॉटचं होऊन बसतं, सोल्डर गोळे गोळे पडतं आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. मीटर लावून बघा, २२० च्या वर असेल तेव्हाच काम करा.

सोल्डर ६०/४० ची भरीव तार घ्या, आत राळ भरलेली नको. तुकडे जुळवून ठेवा, पट्टीवर ब्रशने फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावा, आधी चार ठिकाणी टाके द्या, मग रेघ भरा. एका जागी आयर्न थांबवलं तर काच तडकते. उलट्या बाजूलाही तेच. बाहेरच्या कडांना फक्त पातळ थर.

या सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं. धूर फ्लक्सचा असतो, त्यासाठी खिडकी उघडी ठेवा. शिसं मात्र हातावाटे पोटात जातं. तेव्हा त्या हाताने खर्रा घोटू नका, आधी साबणाने धुवा. पोट्ट्यांना जवळ बसवू नका.

अडकवायची कडी उभी जोडरेघ वर जिथे संपते तिथेच जोडा. नुसत्या कडेच्या पट्टीला जोडली तर वजनाने पट्टीच सुटून येते. जुन्या मोटारीतली तार चालते, फक्त तिच्यावरचं वार्निश पातीने खरवडा, नाहीतर सोल्डर धरणारच नाही.

भांड्याच्या साबणाने फ्लक्स धुऊन काढा. चंदेरी रेघा आवडत नसतील तर संत्र्याच्या झाडांवर मारायच्या बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीच्या औषधासाठी) आणलेलं मोरचूद घरात असेलच. प्लॅस्टिकच्या वाटीत चिमूटभर कोमट पाण्यात विरघळवा, हातमोजे घालून कापसाने फिरवा. सोल्डरवर तांब्याचा रंग चढतो. ते विष आहे, वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत लावा. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरच असतो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीत हलवा. लावायचं मात्र गजांच्या आत. बाहेर लावलं तर वानरं ठेवत नाहीत.