श्टुटगार्टात नवीन आलात? मग एवढं ऐकून ठेवा

पुण्याहून इथे जर्मनीत येऊन मला चौदा वर्षं झाली. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे, पण जिना झाडायची पाळी आली की त्या नात्याचा काही उपयोग होत नाही. जिन्याकडे येतेच.

आधी दारावरची पाटी. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव असेल तरच पत्र येतं. मित्राच्या घरी राहताय आणि पेटीवर फक्त त्याचंच नाव आहे, तर बँकेचं कार्ड परत गेलंच म्हणून समजा. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी करा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. पुढे टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येईल, घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते भरायचंच, उगाच वाद घालत बसू नका. आणि भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या जागी नुसते नळ आणि छताला लोंबकळणाऱ्या वायरी दिसल्या तर घाबरू नका. आधीचे भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक सगळं उचलून नेतात. इथे त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आता आवाज. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. दुकानंही रविवारी बंद, त्यामुळे कोथिंबीर शनिवारीच आणा. रविवारी इडलीची चटणी करायला मी निर्धास्तपणे मिक्सर लावला, तर संध्याकाळी दारावर चिठ्ठी. भांडण नाही, बेल नाही, फक्त सुवाच्य अक्षरात तीन ओळी आणि खाली ‘मैत्रीपूर्ण नमस्कार’. आपल्याकडे शेजारीण गॅलरीतून ओरडली असती आणि नंतर चटणी मागायला आली असती. सुरुवातीला अशा चिठ्ठीने माझ्या पोटात गोळा यायचा. आता कळतं की ती चिठ्ठी म्हणजे राग नव्हे, दाराला हात न लावता केलेली सूचना आहे. खाली जाऊन ‘माहीत नव्हतं’ एवढं सांगितलं की विषय संपतो. कुकरच्या शिट्ट्यांचं मात्र आधीच सांगून ठेवा. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, कारण धुराचा अलार्म मोहरी आणि आग यांत फरक करत नाही. तशीही खिडकी उघडायचीच असते. थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं सताड. नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि त्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो.

आता जिना. या श्वाबेन भागाची खासियत म्हणजे ‘केअरवोख’, झाडण्याचा आठवडा. तुमच्या दाराला पाटी अडकवलेली दिसली की तुमची पाळी. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ आणि थंडीत बर्फसुद्धा. जिना आधीच लख्ख आहे, मग कशाला, असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. झाडणं हे अर्धं स्वच्छतेसाठी आणि अर्धं दिसण्यासाठी असतं. शनिवारी सकाळी, शेजारी ये-जा करत असताना झाडा. मध्यरात्री गुपचूप झाडलेला जिना हिशोबात धरला जात नाही.

पाहुणचारात सगळ्यात जास्त घोटाळे होतात. खालच्या आजींना मी होळीला जेवायला बोलावलं. त्यांनी पोळी संपवली की मी दुसरी वाढायची, पुन्हा ताट रिकामं, पुन्हा पोळी. ताटात टाकणं हा त्यांच्या लेखी यजमानाचा अपमान, आणि ताट रिकामं ठेवणं हा माझ्या. पाचव्या पुरणपोळीला त्यांचा चेहरा लाल झाला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर उलटा प्रकार. ‘नको’ म्हणालात की विषय संपला, दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही. साडेतीनला कॉफी-केकसाठी बोलावलं असेल तर रात्रीच्या जेवणापर्यंत बसू नका. आणि न कळवता जाऊ तर नकाच.

वाढदिवसाचा केक ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. पहिल्या वर्षी मी वाट बघत बसले आणि अख्खी टीम माझी. आदल्या दिवशी शुभेच्छा मात्र कुणालाही देऊ नका, ते अपशकुनी मानतात.

ऑफिसात साहेबाने कौतुक केलं नाही म्हणून रात्र रात्र जागू नका. श्वाबेनमध्ये म्हणच आहे की बोलणी खाल्ली नाहीत म्हणजे कौतुक झालं. तुमच्या कामातली चूक मात्र सगळ्यांसमोर, सपाट आवाजात सांगतील आणि दहा मिनिटांनी तुमच्यासोबत जेवायला येतील. पगार विचारू नका. ताप असताना कामावर येणं ही इथे निष्ठा नाही, बेपर्वाई आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात आजाराचं नाव साहेबाला कळत नाही, आणि तोही विचारत नाही.

सॉनाविषयी, म्हणजे घाम काढायच्या गरम लाकडी खोलीविषयी, थोडक्यात: तिथे स्विमसूट घातलेला माणूसच विचित्र दिसतो. टॉवेल लाकडावर पसरून बसायचं. जमणार नसेल तर पोहायच्या तलावावर जा, कुणी नाव ठेवणार नाही.

मुलं असतील त्यांनी शेवटचं नीट वाचा. शाळा सक्तीची आहे. स्वस्त तिकीट मिळतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन भारतात निघालात, तर दंड होऊ शकतो. इथली मुलं पहिलीपासून एकटी चालत शाळेत जातात, त्याची भीती वाटली तरी त्यांच्यासमोर लाल दिव्यावर रस्ता ओलांडू नका. कुणीतरी अनोळखी आजोबा तुम्हाला मुलांदेखत सुनावतील. सणासाठी एखादा दिवस हवा असेल तर शाळेकडे आधी लेखी अर्ज करून बघा. आमच्याकडे तो खटाटोप आता कुणी करत नाही. पंचांगात काहीही असो, श्टुटगार्टात दिवाळी शनिवारीच येते.