तान्ह्या नातवाचे पात्र लिहिताना: नव्या पटकथालेखकांसाठी

विनोदी मालिकांच्या लेखनात येऊ पाहणाऱ्यांना मी एक अभ्यास आवर्जून सुचवतो. मालिकेतले असे एखादे पात्र निवडावे, ज्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, आणि त्याच्यामुळे इतरांना काय काय बोलावे लागते ते वहीत उतरवून काढावे. या अभ्यासासाठी घरातल्या तान्ह्या नातवंडाइतके सोयीचे पात्र दुसरे नाही. मी स्वतः ज्याच्याकडून सर्वांत जास्त शिकलो, तो म्हणजे ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकन मालिकेतला जोई स्टिव्हिक, आर्ची बंकरचा नातू.

नॉर्मन लिअर यांची ही मालिका १९७१ ते १९७९ या काळात सीबीएस वाहिनीवर चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा आर्ची जुन्या मतांचा आणि पूर्वग्रहांनी भरलेला, तर जावई माइक डाव्या विचारांचा आणि निरीश्वरवादी. युद्ध, वंशभेद, राजकारण अशा प्रत्येक विषयावर या दोघांची वर्षानुवर्षे खडाजंगी होत आलेली. डिसेंबर १९७५ मध्ये दोन भागांत जोईचा जन्म दाखवला गेला आणि त्यानंतर याच जुन्या भांडणाला वेगळे वजन आले, कारण आता वाद मतांपुरता उरला नव्हता. हे मूल कोणाच्या पद्धतीने वाढणार, हा प्रश्न होता आणि त्यावर दोघांपैकी एकालाही ‘तुझे तुला, माझे मला’ म्हणून उठून जाता येत नव्हते.

१९७६ मधला जोईच्या बाप्तिस्म्याचा भाग नवोदितांनी कागद-पेन घेऊन पाहावा. नातवाचा बाप्तिस्मा झालाच पाहिजे, असा आर्चीचा हट्ट. आईवडिलांचा ठाम नकार. शेवटी आर्ची बाळाला गुपचूप चर्चमध्ये घेऊन जातो. आईवडिलांची संमती नसताना बाप्तिस्मा देण्यास पाळक नकार देतात, तेव्हा तो स्वतःच बाळाच्या डोक्यावर पाणी घालतो. या प्रसंगात बाळ काहीही करत नाही. प्रेक्षकाचे सारे लक्ष म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे असते, कारण एरवी सगळ्यांवर डाफरणारा हा माणूस इथे कोणाला हरवायला आलेला नसून, त्याला खरोखरच नातवाच्या आत्म्याची काळजी वाटत असते. तो चुकतो आहे हेही आपल्याला कळत असते आणि तरीही त्याचा राग करणे जड जाते. विनोदी मालिकेत इतका गुंतागुंतीचा क्षण उभा करण्यासाठी लेखकाने खर्च केले ते एक तान्हे मूल आणि एक ठाम इच्छा, एवढेच.

आपल्या मालिकांत नातवंड म्हणजे दुधावरची साय, म्हणून त्याच्या कौतुकाची दृश्ये भरपूर लिहिली जातात. कौतुक गोड असते, पण त्याने प्रसंग पुढे सरकत नाही. म्हणून मी प्रत्येक दृश्याला एक कसोटी लावतो: बाळ काढून टाकले तर दृश्य कोसळते का? कोसळत नसेल तर बाळ तिथे शोभेसाठी आहे आणि ते काढलेले बरे. आजी-आजोबांना काय हवे आहे ते आधी एका वाक्यात लिहावे, आईवडिलांना काय नको आहे ते दुसऱ्या वाक्यात, आणि मगच बाळाला दृश्यात आणावे. १९७६ मध्येच जोईची बाहुली बाजारात आली, तेव्हा तीही ‘आर्ची बंकरचा नातू’ म्हणूनच विकली गेली. दुय्यम पात्राची ओळख नात्यातून कशी तयार होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी बाजू चित्रीकरणाची, आणि ती लेखकाला माहीत असलीच पाहिजे. जोईची भूमिका सुरुवातीला जुळ्या भावांनी केली होती, कारण एक रडू लागला किंवा झोपी गेला तर दुसरा हाताशी असतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार पंधरा दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंतचे बाळ कामाच्या जागी दिवसाला दोनच तास थांबू शकते आणि त्यात प्रत्यक्ष काम वीस मिनिटांपेक्षा जास्त करून घेता येत नाही. भारतात २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला सामील करून घेण्याआधी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांची आणि सलग २७ दिवसांची कमाल मर्यादा आहे. उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागतो. या अटी मला मनापासून योग्य वाटतात. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी आधीच मर्यादा आखलेली असायला हवी.

त्यामुळे पटकथेत बाळ प्रत्यक्ष दिसणे अपरिहार्य आहे अशा जागा मोजक्याच ठेवाव्यात आणि त्या स्वतंत्रपणे नोंदवाव्यात. उरलेल्या ठिकाणी दुपट्यात गुंडाळलेली बाहुली, पाळण्याची दोरी किंवा आतल्या खोलीतून येणारे रडणे पुरते. बाळ हसले की आजोबा विरघळतात, असे कधीही लिहू नये, कारण ते हसू ठरल्या वेळी मिळणार नाही. आजोबांची कृती अशी लिहावी, की बाळ हसो, रडो वा झोपो, दृश्य तसेच उभे राहील.