जुनी शिलाई मशीन घेताय? जुनेराचा तुकडा सोबत न्या

गोधडीही शिवायची आणि झंपरही, तर जुनी लोखंडी पायमशीन उत्तम. फक्त काळ्या रंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला भुलू नका. छत्रपती संभाजीनगर असो की परभणी, बघायला जाताना जुन्या लुगड्याची चार पदरी घडी अन् झंपराचं पातळ कापड न्या. आधी चाक हातानं फिरवा. अडखळलं तर कधी नुसतं वाळलेलं तेल असतं, रॉकेलनं सुटतं. शटलला, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते त्या भागाला, गंज किंवा सुईचा ओरखडा असेल तर मात्र ती मशीन सोडून द्या, दोरा तुटत राहतो. घडीला 16 नंबरची सुई, झंपराला 11. घडी दाबपट्टीखाली सहज जावी, कापड पुढं सरकवणारे खालचे दाते झिजलेले नसावेत. मागं टाका घालायची सोय नसली तरी चालतं. बॉबिन गावात मिळते का, तेवढं विचारा.