पिल्लाचे मागचे पाय फाकलेले होते, ते असे सरळ झाले (माझा अनुभव)

इंदूरला आमच्या कुत्रीची तीन पिल्लं 3 आठवड्यांची होताच उभी राहिली. चौथं मात्र बेडकासारखे पाय फाकवून पोटावरच सरपटायचं, छातीही चपटी. तेलाचं मालिश, कॅल्शियमचे थेंब, सगळं करून झालं. त्याची धडपड बघवत नव्हती.

डॉक्टरांनी दाखवलं तसं केलं. आधी गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी अंथरली. मग मऊ चिकटपट्टी मागच्या पायांना घोट्याच्या वर, इंग्रजी आठच्या आकारात. दोन पायांत कमरेएवढंच अंतर. पंजा गार पडला किंवा सुजला की पट्टी लगेच सोडायची, हे फार महत्त्वाचं. रोज नवी पट्टी. दूध पिऊन झालं की कुशीवर निजवायचं, दिवसातून चार-पाचदा पोटाखाली हात धरून उभं करायचं.

अकराव्या दिवशी ते डुलत डुलत आईपर्यंत चालत गेलं.