इस्लामिक शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्यांसाठी

रत्नागिरी-रायगडपासून भिवंडी-मुंब्र्यापर्यंत मुस्लिम संस्थांच्या कितीतरी शाळा आहेत. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, जोडीला नाझरा (कुराण पाहून वाचणं) आणि दीनियात (धर्मशिक्षण) यांचे तास. तिथे नव्याने लागणारे इंग्रजीचे शिक्षक मला हमखास विचारतात, "परक्या संस्कृतीबद्दल बोललेलं चालेल ना?" चालतं. माणसांची कुळं आणि जमाती झाल्या त्या एकमेकांना ओळखण्यासाठी, असं कुराणातच आहे (सूरा हुजुरात, आयत १३). दीनियातच्या मौलानांशी यावर सुरुवातीलाच बोलून घ्या, ते तुमचे सगळ्यात भक्कम सोबती होतात.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांनी १९९७ साली दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसांशी संवाद साधण्याच्या कौशल्याची जी मांडणी केली, तीत माहिती हा एकच भाग आहे. कुतूहल, अर्थ लावणं, विचारून जाणून घेणं आणि स्वतःच्या चालीरीतींकडेही डोळसपणे पाहणं हे बाकीचे. आपण मात्र ख्रिसमस आणि लंडनच्या लाल बसवरच थांबतो.

मी सुरुवात वर्गातूनच करते. कोकणी मुलं शाफई, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली बहुतेक हनफी; हे धार्मिक नियमांचे दोन सुन्नी संप्रदाय. त्यामुळे असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ दोघांची वेगळी. ईदला एका बाकावर शीरखुर्मा, शेजारच्या बाकावर किमामी सेवई. "व्हाय डू यू प्रे असर लेटर?" हे शेजाऱ्याला विचारायचं, पण तुझं चुकतं असा सूर येऊ द्यायचा नाही. आठवीची मुलं यात घामाघूम होतात, आणि त्यांची खरी तयारी इथेच होते.

मग बाहेर पडायचं. कोकणात घरटी कुणीतरी कुवेत-कतारला किंवा जहाजावर असतं, सोबतीला फिलिपिनो, केरळी सहकारी. म्हणून मी प्रसंग तेच घेते. समोरच्या बाईंनी हात पुढे केला आणि परक्या बाईशी हात मिळवायचा नसेल, तर छातीवर हात ठेवून हसून "व्हेरी नाइस टू मीट यू" म्हणायचं. ताटात न चालणारं काही आलं, तर नुसतं "नो" नको; "थँक यू, आय डोन्ट ईट धिस, बट आय वुड लव्ह सम फ्रूट" म्हणायचं. मुलींनाही हेच प्रसंग द्या, त्यांना वगळू नका.

वाद्यं असलेली गाणी काही पालकांना चालत नाहीत. ऐकण्याच्या सरावाला कविता किंवा मुलाखत घ्या. परीक्षेत या संवादकौशल्याला वेगळे गुण नाहीत, म्हणून मी मुलांना एक वही करायला लावते: कुणाला काय विचारलं, काय नवं कळलं, इंग्रजीत चार ओळी. तोंडी परीक्षेला त्याच वहीतून प्रश्न काढते.