चट्टा त्याच जागी परत का येतो? सोरायसिसच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी बायोप्सीचे (तपासणीसाठी काढलेल्या त्वचेच्या छोट्या तुकड्यांचे) नमुने घ्यायला मी एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जायचे. तिथे एका मावशींनी कोपर पुढे करून विचारलं, "मलम लावलं की जातंय, सोडलं की बरोबर इथंच येतंय. त्याला घर कसं सापडतं हो?" मला काही सांगता आलं नाही. माझी पुढची चार वर्षं त्याच प्रश्नात गेली.

म्हणून या विषयात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा ओपीडीत बसायला सांगते. पाठ्यपुस्तकातला लालभडक चट्टा आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर बऱ्याचदा जांभळट किंवा तपकिरी दिसतो. हे डोळ्यांनी पाहिलेलं नसेल, तर नमुना नेमका कुठून घ्यायचा हेही कळत नाही.

सोरायसिस हा आधी त्वचेच्या पेशींचाच रोग मानला जायचा. त्या पेशी भराभर वाढतात, म्हणून खवले पडतात, एवढंच. १९७९ मध्ये संधिवातासाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या काही रुग्णांचा सोरायसिसही ओसरल्याचं दिसलं. हे औषध टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना आवरतं, त्यामुळे संशय प्रतिकारयंत्रणेकडे वळला. पुढे आयएल-२३ आणि आयएल-१७ ही साखळी उलगडली (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं). आयएल-२३ मुळे काही टी-पेशी आयएल-१७ सोडत राहतात, त्याने त्वचेच्या पेशी चेतवल्या जातात, आणि त्या पुन्हा आणखी दाहक पेशींना बोलावून घेतात. अ‍ॅटोपिक डर्मटायटिसमध्ये (एक्झिमाचा एक प्रकार) मात्र आयएल-४ आणि आयएल-१३ यांचा जोर असतो. दोन्हीकडे खाज आणि दाह आहे, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. हा फरक पक्का केल्याशिवाय शोधनिबंध वाचायला घेऊ नका, सगळे सारखेच वाटतील.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. चट्टा गेला तरी काही स्मृती-टी-पेशी (आधीचा दाह लक्षात ठेवणाऱ्या) त्या जागेच्या त्वचेतच मुक्काम करून राहतात. त्या रक्तात फिरत नाहीत. औषध थांबलं की त्या पुन्हा आयएल-१७ सोडू शकतात. त्यामुळे केवळ रक्ताचे नमुने तपासून या रोगाचं कोडं सुटेल, असं मला वाटत नाही. रक्त मिळायला सोपं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात.

त्वचेचं काम कष्टाचं आहे. ४ मिलिमीटरच्या पंच बायोप्सीतून (गोल पात्याने काढलेल्या तुकड्यातून) हाती लागणाऱ्या टी-पेशी फार थोड्या. माझे पहिले तीन नमुने वाया गेले, कारण मी ते कोलॅजिनेजमध्ये (पेशी सुट्या करायला ऊती विरघळवणारं विकर) रात्रभर ठेवले होते. पेशी मेल्या, आणि उरलेल्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनंही छाटली गेली. कुणीतरी स्वतःच्या अंगाचा तुकडा दिला होता, आणि तो माझ्या घाईने गेला. ते अजून मनात आहे. आधी शस्त्रक्रियेत उरलेल्या निरोगी त्वचेवर हात बसवा (परवानगी तिलाही लागते), वेळ मोजा, आणि मगच रुग्णाच्या नमुन्याला हात लावा.

उंदरांवरचं काम करायचं तर इमिक्विमॉड मलमाचं प्रारूप (मलम लावून उंदरात सोरायसिससारखा दाह घडवणं) जवळपास सगळीकडे वापरतात. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. उंदराच्या पाठीवर पाच-सहा दिवस मलम लावलं की त्वचा जाड होते, खवले येतात. स्वस्त आणि झटपट. पण उंदरात आयएल-१७ मुख्यतः गॅमा-डेल्टा टी-पेशींतून येतं, माणसाच्या चट्ट्यात अल्फा-बीटा या दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशींचा वाटा मोठा. शिवाय पाच दिवसांच्या दाहात वर्षानुवर्षांची स्मृती कुठून येणार? माझ्या प्रश्नाला ते प्रारूप अपुरं पडलं, आणि हे कळेपर्यंत आठ महिने गेले.

प्रवेशासाठी सीएसआयआर-नेट, डीबीटी किंवा आयसीएमआरची जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती), हे मार्ग ठाऊक असतीलच. गाइड निवडताना दोनच गोष्टी विचारा: त्वचारोगतज्ज्ञाबरोबर तुमचं काम आत्ता चालू आहे का, आणि नैतिक समितीची मंजुरी हातात आहे का? माझ्या बाबतीत ती यायला अकरा महिने लागले. तेवढ्या काळात फ्लो सायटोमेट्री (पेशींना चमकणारे रंग लावून लेझरने एकेक मोजायचं तंत्र) शिकून घ्या, विशेषतः कॉम्पेन्सेशन, म्हणजे एका रंगाची दुसऱ्यात होणारी सरमिसळ दुरुस्त करणं. आणि संमतीपत्र स्वतः मराठीत लिहा, मावशींना वाचून कळेल असं.